एफएमवाल्यांनाही खेळात घ्या

हॅम रेडिओचा परवाना मिळणे ही कोणत्याही घरातली आनंदाची गोष्ट असते. अभ्यास, परीक्षा, सरकारी अर्ज आणि मग लांबलचक प्रतीक्षा. हे सगळे पार पडल्यावर एक दिवस कॉलसाइन हाती येते, पेढे वाटले जातात आणि हातात मावणारा एक छोटा एफएम संच घरात येतो. पहिले काही आठवडे रोज संध्याकाळी शहराच्या रिपीटरवर ज्येष्ठांशी नमस्कार होतो, हवापाण्याच्या गप्पा होतात. पुढे बोलायला विषय उरत नाही. वार्षिक परीक्षा येते, कुणाची नोकरी लागते, कुणाचे लग्न ठरते, आणि संच कपाटात जातो. परवाना कागदावर जिवंत राहतो, पण चालक संपतो.

असे का होते, आणि ते थांबवता येईल का, या प्रश्नाचे एक उत्तर या लेखात मांडायचे आहे. ते उत्तर असे: ज्यांच्याकडे फक्त एफएमचा संच आहे, त्यांना व्हीएचएफच्या स्पर्धांमध्ये मानाने बोलवा, आणि तशी स्पर्धा आपल्या गावात नसेल तर ती सुरू करा. हे काम रेडिओवाल्यांचे आहे, शाळेचा त्यात काय संबंध, असे काही पालकांना वाटेल. संबंध बराच आहे, तो पुढे येईलच.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हॅम रेडिओ म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहन. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या संचावरून जगातल्या दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचे. यात पैसा कमवायचा नाही, गाणी वाजवायची नाहीत, धंद्याचे बोलायचे नाही. आपल्या देशात या हौशी चालकांना ज्या लहरींची मुभा आहे, त्यांत १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा एक पट्टा आहे. या लहरीची लांबी साधारण दोन मीटर असते, म्हणून त्याला ‘दोन मीटरचा पट्टा’ म्हणतात. तो व्हीएचएफ, म्हणजे ३० ते ३०० मेगाहर्ट्झ या भागात मोडतो. आपण ज्यावर गाणी ऐकतो ते एफएम केंद्रही याच भागात असते. एफएम ही पद्धत अमेरिकेच्या एडविन आर्मस्ट्राँग यांची. तिची पेटंटे त्यांना १९३३ साली मिळाली. या पद्धतीत आवाज स्वच्छ येतो, खरखर कमी होते आणि संच वापरायला सोपा असतो. म्हणूनच नव्या माणसाचा पहिला संच बहुतेक वेळा एफएमचाच असतो. मोर्सची परीक्षा न देता जो ‘रिस्ट्रिक्टेड’ परवाना मिळतो, त्याच्या धारकाचेही मुख्य अंगण हाच दोन मीटरचा पट्टा.

आता स्पर्धा म्हणजे काय? ठरलेल्या वेळेत जास्तीत जास्त चालकांशी, जास्तीत जास्त लांबवर, आणि तेही रिपीटरची मदत न घेता थेट संपर्क साधायचा. (रिपीटर म्हणजे उंच जागी बसवलेले असे यंत्र, जे आपला क्षीण आवाज ऐकून जोरात पुन्हा प्रसारित करते.) संपर्कात दोघांनी एकमेकांची कॉलसाइन आणि ठिकाण अचूक घ्यायचे, नोंदवहीत लिहायचे, की गुण मिळाले. अमेरिकेतली अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था दरवर्षी जानेवारी, जून आणि सप्टेंबर महिन्यांत अशा व्हीएचएफ स्पर्धा घेते. पृथ्वीच्या नकाशावर चौकटी आखलेल्या असतात. किती संपर्क झाले आणि किती वेगवेगळ्या चौकटींशी झाले, यांच्या गुणाकारावर क्रमांक ठरतो. ब्रिटनमध्ये रेडिओ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन ठरावीक मंगळवारी संध्याकाळी अशाच छोट्या स्पर्धा भरवते.

कागदावर पाहिले तर या स्पर्धा सर्वांना खुल्या असतात. प्रत्यक्षात मात्र एफएमवाला त्यात शिरतो आणि अर्ध्या तासात कंटाळून बाहेर पडतो. कारण गंमतीचे आहे. मुरलेले स्पर्धक एफएम वापरतच नाहीत. ते एसएसबी नावाची पद्धत वापरतात. तीत आवाज थोडा नाकातून आल्यासारखा वाटतो, पण तो फार कमी जागेत मावतो आणि क्षीण असला तरी ओळखू येतो. अमेरिकेत एसएसबीवाले १४४.२०० मेगाहर्ट्झच्या आसपास असतात, आणि एफएमवर थेट बोलणारे १४६.५२० च्या आसपास. दोघे एकाच पट्ट्यात, एकाच गावात, एकाच दिवशी संच लावून बसलेले असतात, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. एफएमवाला ‘स्पर्धेसाठी कुणी आहे का’ असे विचारत राहतो, उत्तर येत नाही. त्याला वाटते, आज कुणीच नाही. वास्तविक शेजारच्या गल्लीत कुणीतरी शंभरावा संपर्क नोंदवत असते!

भरीला भर म्हणून अँटेनाचाही फरक असतो. एसएसबीवाले अँटेना आडवा लावतात, एफएमवाले उभा. एकाचा आडवा आणि दुसऱ्याचा उभा असेल, तर पोचणारा संदेश सुमारे शंभरपट क्षीण होऊ शकतो. म्हणजे कुणी चुकून एफएमवर आलाच, तरी नीट ऐकू येईलच असे नाही.

हे ओळखून काही ठिकाणी उपाय झाले आहेत आणि ते आपण पाहण्यासारखे आहेत. अमेरिकन लीगने एकट्या चालकासाठी ‘फक्त एफएम’ असा वेगळा गट ठेवला. त्यामुळे छोटा संच घेऊन उतरणाऱ्याची तुलना मोठ्या मनोऱ्यावाल्याशी होत नाही, आपल्यासारख्यांशीच होते. ब्रिटनमध्ये त्याहून सोपी युक्ती केली. महिन्याच्या ठरावीक मंगळवारी मोठी स्पर्धा सुरू होण्याआधीचा सुमारे एक तास फक्त एफएमसाठी राखून ठेवला. जेवणाच्या आधीचा एक तास. मुलांना अभ्यासातून तेवढा मिळू शकतो आणि मोठ्यांनाही. ज्याला पुढे जायचे आहे तो त्यानंतरच्या मोठ्या स्पर्धेत बसतो, नाहीतर संच बंद करून जेवायला जातो. मला ही दुसरी पद्धत अधिक पसंत आहे, कारण ती नव्या माणसाकडून फार मोठी अपेक्षा ठेवत नाही.

यावर जाणत्या मंडळींचे दोन आक्षेप असतात. ते खोटे नाहीत, म्हणून त्यांचा विचार करायला हवा.

पहिला आक्षेप असा की एफएमचा पल्ला कमी. हे खरे आहे. संदेश एका मर्यादेपेक्षा क्षीण झाला की एफएममध्ये तो एकदम खरखरीत बुडतो. एसएसबीत तो त्याहून बराच क्षीण झाला तरी कानाला सापडतो. शिवाय एकाच वारंवारतेवर दोघे बोलले तर एफएमचा संच जो जोरकस आहे त्यालाच धरतो आणि दुसऱ्याला दाबून टाकतो. गर्दीत गरिबाचा आवाज ऐकू येत नाही, तसे. पण पल्ला कमी असण्याचे दुसरे कारण नुसती पद्धत नसून उंची आहे, आणि उंची आपल्या हातात असते. रेडिओच्या क्षितिजाचे एक सोपे गणित आठवी-नववीच्या मुलांनी करून पाहावे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा. येणारे उत्तर म्हणजे त्या अँटेनाला मोकळ्या सपाट प्रदेशात दिसणारे क्षितिज, किलोमीटरमध्ये. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला संच दीड मीटरवर धरला तर उत्तर येते ५. असे दोघे असतील तर दोन्ही मिळून १० किलोमीटर, आणि शहरातल्या इमारतींमुळे त्याहूनही कमी. आता हाच संच १६ मीटर उंच गच्चीवर न्या. सोळाचे वर्गमूळ चार, म्हणजे १६ किलोमीटर. दोन गच्च्यांमध्ये ३२-३३. आसपासच्या भूभागापेक्षा शंभर मीटर उंच टेकडीवर चढलात, तर एकट्याचे ४१. संच तोच, बॅटरी तीच. फक्त जिने चढायचे कष्ट.

याचे सगळ्यात सुंदर उदाहरण अवकाशात आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून शाळांशी थेट होणारी हॅम रेडिओची संभाषणे साधारणपणे १४५.८०० मेगाहर्ट्झवर, एफएमवरच ऐकू येतात. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असते, तरी ते डोक्यावरून जाताना साध्या हातातल्या संचावर आवाज येऊ शकतो, कारण मध्ये डोंगर नाही की इमारत नाही. ४ जुलै २०२५ रोजी शुभांशु शुक्ला यांनी तिथून बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरून गप्पा मारल्या, हे आपल्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रात वाचले असेल. सिकंदराबादच्या मित्राचा आवाज न पकडणारा संच अवकाशातला आवाज पकडतो, यात जादू नाही, भूमिती आहे.

अँटेनाचेही तसेच. संचाबरोबर येणारा रबरी अँटेना खिशात मावतो, हाच त्याचा मोठा गुण. १४५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे २०७ सेंटिमीटर लांब. तिचा चौथा भाग ५२, आणि प्रत्यक्षात थोडा आखूड म्हणजे पन्नासच्या आत-बाहेर. एवढ्या लांबीच्या तारा आणि जोडणीचे थोडे साहित्य यांतून कितीतरी चांगला अँटेना घरी बनतो. पूर्वी दूरदर्शनसाठी प्रत्येक गच्चीवर माशाच्या काट्यासारखा अँटेना असे. तो यागी-उडा अँटेना. यागी आणि उडा हे दोघे जपानी. १९२६ च्या सुमारास त्यांनी तो जगापुढे मांडला. लाकडी पट्टी आणि ॲल्युमिनियमच्या नळ्या घेऊन तसा छोटा अँटेना शाळेच्या प्रयोगशाळेत करता येतो. तो उभा धरला की एफएमवाल्यांसाठी तयार. पाच वॉटच्या संचाला तो जे बळ देतो, ते विकत घ्यायला गेलो तर महागात पडेल.

दुसरा आक्षेप असा की नवे लोक शिस्त बिघडवतात. मध्येच बोलतात, कॉलसाइन अर्धवट सांगतात, स्पर्धेच्या वारंवारतेवर गप्पा मारत बसतात. हेही खरे. पण शिस्त शिकायची कुठे? रिपीटरवर रोज त्याच चार ओळखीच्या माणसांशी बोलून ती येत नाही, कारण तिथे आवाजावरूनच माणूस ओळखू येतो. अनोळखी माणसाचे, खरखरीतून येणारे सहा अक्षरांचे ठिकाण एकदाच ऐकून बिनचूक लिहायचे, थोडक्यात उत्तर द्यायचे आणि बाजूला व्हायचे, हे स्पर्धेतच शिकता येते. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. गल्लीत टेनिसच्या चेंडूवर खेळलेली मुलेच पुढे मैदानावर खरा चेंडू हातात घेतात. ‘आधी मोठा संच घ्या, मग या’ असे म्हणणे म्हणजे टेनिसच्या चेंडूला बंदी घालून क्रिकेट वाढवण्यासारखे आहे.

आता मुख्य मुद्दा. हा नुसता खेळ आहे, मग त्यासाठी एवढा आटापिटा कशाला?

आपण हैदराबादकर मराठी माणसे. आपल्यापैकी कितीतरी घरांचे मूळ मराठवाड्यात. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता आणि नाती अजून तशीच आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या मागच्या पिढीला आठवते. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, आणि आपले नातेवाईक सुखरूप आहेत की नाही हे कळायला मार्ग नव्हता. लातूरच्या त्या आपत्तीत आणि २६ जानेवारी २००१ च्या गुजरातच्या भूकंपातही हॅम चालकांनी निरोप पोचवण्याला हातभार लावला.

त्याहून बोलके उदाहरण आपल्याच शहराशी जोडलेले आहे. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ ही संस्था १९८३ पासून हैदराबादेत आहे. २००४ च्या डिसेंबरमध्ये तिच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. कशासाठी? खेळासाठीच. अंदमानातून हौशी प्रसारण क्वचितच होते, म्हणून जगभरच्या चालकांना त्या दुर्मीळ ठिकाणाशी संपर्काची संधी द्यायची, एवढाच हेतू. रात्रंदिवस एकामागून एक संपर्क चालू असताना २६ डिसेंबरला सुनामी आली. बेटांवरची नेहमीची संपर्कयंत्रणा कोलमडली. खेळ त्या क्षणी थांबला आणि त्याच संचांवरून बेटांचे आणि मुख्य भूमीचे निरोप जाऊ लागले. त्यांचे संच लांब पल्ल्याच्या लघुलहरींचे होते, दोन मीटरच्या एफएमचे नव्हते, हे खरे. पण शिकवण तीच आहे. संकटाच्या दिवशी कामाला आले ते आदल्या दिवसापर्यंत खेळत असलेले हात आणि कान. कपाटातला संच अशा वेळी उपयोगी पडत नाही. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

आणि लांबच्या बेटांचेच कशाला? ऑक्टोबर २०२० च्या पावसात आपल्या शहरातल्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली गेल्या. वीज गेली की मोबाइलच्या मनोऱ्याची बॅटरी काही तासच टिकते. रिपीटरलाही वीज लागतेच. अशा वेळी एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत निरोप न्यायला लांब पल्ल्याचा मोठा संच लागत नाही. हातातला एफएम संच लागतो, थेट बोलणारा. पण कोणत्या गच्चीवरून कोणत्या गच्चीवर ऐकू जाते, मौला अलीच्या टेकडीवरून कुठवर पोचते, मुसीच्या काठच्या सखल वस्तीतून कुणाला ऐकू येत नाही, ही माहिती कुणाकडे आहे? ती पुस्तकात मिळत नाही. ती मिळवायची तर एकाच वेळी पाच-पन्नास माणसांनी शहरभर पसरून, रिपीटर न वापरता एकमेकांना हाक मारून पाहायला हवी, आणि कुणी कुणाला ऐकले ते लिहून ठेवायला हवे.

यालाच एफएमची स्पर्धा म्हणतात! प्रत्येकाची नोंदवही एकत्र केली की शहराचा ‘कोण कुणाला ऐकतो’ हा नकाशा आपोआप तयार होतो. दरवर्षी नवा, दरवर्षी तपासलेला. सरावासाठी सभा भरवा म्हटले तर दहा माणसे येतील. क्रमांक लागणार आहे म्हटले तर तीसजण पहाटे उठून टेकडी चढतील. माणसाचा स्वभावच आहे तो, आणि चांगल्या कामाला तो जुंपण्यात काही गैर नाही. म्हणूनच एफएमवाल्यांना खेळात घेणे हा त्यांच्यावर केलेला उपकार नाही. आपत्तीत जे संच खरोखर सगळ्यात जास्त घरांत सापडतील, ते त्यांचेच आहेत.

विद्यार्थ्यांना यात काय, तेही सांगतो. स्पर्धेत ठिकाण सांगण्यासाठी पृथ्वीचे चौकटींमध्ये भाग पाडले आहेत. एक चौकट दोन अंश रेखांश रुंद आणि एक अंश अक्षांश उंच. आपले हैदराबाद ७८ ते ८० पूर्व रेखांश आणि १७ ते १८ उत्तर अक्षांश यांमध्ये येते. त्या चौकटीचे नाव एमके९७. पश्चिमेला ७८ ची रेषा ओलांडली की एमके८७ लागते. म्हणजे ज्या अनंतगिरीच्या डोंगरावर आपण सहलीला जातो, तो विकाराबादचा भाग आणि पुढे जहीराबाद, बिदर हे सगळे दुसऱ्या चौकटीत. उत्तरेला मेदक आणि सिद्दिपेट एमके९८ मध्ये. लातूर एमके८८ आणि नांदेड एमके८९. स्पर्धेच्या दिवशी एखादा परवानाधारक अनंतगिरीवर जाऊन बसला, तर साऱ्या शहराला त्याच्याकडून एक नवी चौकट मिळते. तो तिथे खूप लाडका होतो! हवाई अंतर पासष्ट-सत्तर किलोमीटरचे. गच्चीवरच्या चांगल्या अँटेनाने ते गाठता येते का, हे करून पाहण्यासारखे आहे. भूगोलाच्या तासाला पाठ केलेले अक्षांश-रेखांश इथे गुण मिळवून देतात. अंतर काढायला त्रिकोणमिती लागते. वर्गमूळ वर आलेच आहे.

परीक्षेला बसण्यासाठी वयाची अट १२ वर्षे पूर्ण, अशी आजवर राहिली आहे. म्हणजे सातवीतला मुलगा किंवा मुलगी तयारीला लागू शकते. रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम असे तिचे दोन भाग असतात. विज्ञानाची आवड असलेल्या मुलाला ते झेपण्यासारखे आहेत. नियम आणि शुल्क अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत. एक गोष्ट मात्र पालकांनी पक्की ध्यानात ठेवावी. परवान्याशिवाय प्रसारण करणे गुन्हा आहे. बाजारात मिळाला म्हणून वॉकीटॉकी विकत आणून मुलांच्या हाती देऊ नका. ऑनलाइन दुकानांतून असे संच बेकायदा विकले जाऊ नयेत म्हणून २०२५ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक नियम काढले आहेत, यावरून काय ते समजावे. ज्यांच्याकडे परवाना नाही अशी मुले परवानाधारकाशेजारी बसून नोंदवही लिहू शकतात, नकाशावर खुणा करू शकतात, अंतरे काढू शकतात. स्पर्धेत चांगला लेखनिक मिळणे हे अर्धे यश असते, हे कुठलाही जुना स्पर्धक सांगेल.

आता प्रत्यक्ष काय करावे, याविषयी काही सूचना.

हिवाळ्यातला एखादा रविवार, सकाळचे दोन तास. पट्टा दोन मीटरचा, पद्धत फक्त एफएम, रिपीटर वर्ज्य, इंटरनेटची जोड वर्ज्य. प्रत्येक संपर्कात कॉलसाइन, अनुक्रमांक आणि सहा अक्षरी ठिकाण द्यायचे. प्रत्येक किलोमीटरला एक गुण. दोन गट: एक हातातल्या पाच वॉटच्या संचाचा, दुसरा मोठ्या संचाचा. बक्षीस म्हणून एक साधे प्रशस्तिपत्र पुरे. पण सर्वात लहान वयाच्या चालकाला आणि सर्वात चांगल्या नोंदवहीला ते वेगळे द्यावे. महिनाभरात निकाल आणि नकाशा जाहीर करावा. निकाल वर्षभर लांबला तर पुढच्या वर्षी कुणी येत नाही.

शहरातल्या ज्येष्ठ चालकांना विनंती अशी की स्पर्धेआधी आठवडाभर रिपीटरवर रोज सांगा, कोणत्या वारंवारतेवर भेटायचे ते. गर्दी झाली तर बाजूच्या वारंवारतेवर सरका, म्हणजे क्षीण आवाजाच्या मुलाला जागा मिळेल. सावकाश बोला. एखाद्याने चूक केली तर हवेवर ओरडू नका, नंतर चहा पिताना सांगा. आणि जे मोठ्या एसएसबी स्पर्धा खेळतात त्यांनी दर तासाला दहा मिनिटे तरी उभ्या अँटेनावर, एफएमवर कान द्यावा. त्यांच्या गुणांत भर पडेल आणि कुणा नवख्याचा दिवस सोन्याचा होईल.

ज्यांचे संच कपाटात आहेत त्यांना विनंती अशी की ते बाहेर काढा. बॅटरी तपासा. गच्चीवर जा. जिंकायचे नसले तरी वीस मिनिटे उभे राहून तीन-चार संपर्क द्या. तुमच्यामुळे नकाशावरचा एक कोपरा भरतो.

आणि विश्वस्त मंडळींना विनंती. शाळेला गच्ची आहे आणि ती रविवारी मोकळी असते. कठडे नीट आहेत, जबाबदार माणूस हजर आहे आणि विजेच्या तारा दूर आहेत एवढे पाहून ती दोन तासांसाठी उघडून द्यावी. प्रयोगशाळेत सातवी ते नववीच्या मुलांसाठी आठवड्याला एक तास अँटेना बांधणीला द्यावा. खर्च फार नाही. किल्ली लागते आणि परवानगी लागते. मराठी शाळा टिकवायच्या कशा, याची चर्चा आपण प्रत्येक सभेत करतो. शेजारच्या मोठ्या शाळांत नाही असे काही आपल्या मुलांना मिळाले, तर आपल्या शाळेत यायला ते एक कारण होईल. शिवाय आपली मुले घरी मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलतात. अनोळखी माणसाशी चटकन जुळवून घेणारी अशी पोरे रेडिओवर शोभून दिसतील.

काही वर्षांनी पुन्हा कधी मुसीला पाणी चढले आणि फोन बंद पडले, तर कोणत्या गच्चीवरून हाक मारायची हे आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलीला पाठ असावे, एवढीच इच्छा. त्यासाठी तिला आज खेळायला बोलवायला हवे, तिच्या हातात जो संच आहे त्याच्यासकट.

(लेखक शाळेचे माजी विद्यार्थी व परवानाधारक हॅम चालक आहेत.)